वाढीव पाटे

पारसमल शेठांची ॲम्बॅसिडर थांबवायची तर हिलालला ब्रेकचं पेडल चार वेळा दाबावं लागे. पहिल्या दाबाला पाय थेट फळीला टेके आणि काहीच होत नसे. दुसऱ्याला गाडीला नुसती शंका येई. तिसऱ्याला ती डावीकडे जायला बघे आणि चौथ्याला, समोरचा माणूस तोवर बाजूला झालेला असला तर, थांबे. यात गाडीचा काही दोष नव्हता. जळगाव ते धुळे नऊ वर्षं दर आठवड्याला सहा-सहा माणसं वाहिल्यावर कोणीही असंच थांबेल. हिलाल स्वतः सत्तेचाळिसाव्या वर्षी साधारण तसाच थांबत होता.

आठ महिने तो शेठांना सांगत होता. बावीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत त्याच्या हातून माणूस तर सोडाच, कुत्रंही मेलं नव्हतं. आता कोणत्याही दिवशी काहीतरी मरणार, हे त्याला दिसत होतं. शेठ ऐकून घेत. माणूस वाईट नव्हता. फक्त ब्रेक ही उतावळ्या ड्रायव्हरची गरज आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

“हिलाल, लांबूनच हळू करत यावं,” ते म्हणत. “शहाण्याला ब्रेक लागतोच कुठे?”

शहाणपणाचा मुद्दा निघाला की नोकरमाणसाने बोलू नये, एवढं शहाणपण हिलालकडे होतं.

चातुर्मास लागला आणि एक मोठे जैन मुनिमहाराज धुळ्याला मुक्कामाला आले. शेठांच्या आईने, सुगनबाईंनी, दर रविवारी त्यांच्या प्रवचनाला जायचं ठरवलं. वय बहात्तर, एक दिवसाआड उपवास, आणि पहिल्याच फेरीत एरंडोलपर्यंत जाता जाता त्यांची कंबर गेली. शेठ हळहळले. आईसाठी खर्चाला त्यांनी कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं. सोमवारी सकाळीच गाडी नशिराबादच्या रस्त्यावर सुपडू मिस्त्रीच्या गॅरेजात गेली.

सुपडूने खाली वाकून मागचे स्प्रिंगचे पाटे पाहिले. ते झोपलेले होते.

“बठ्ठा बदली टाकस,” तो म्हणाला. “ट्रकना पाटा शेतस मनाजोडे. दहा वर्सं हालाव नहीत.”

“आनि ब्रेक?” हिलालने विचारलं.

“ब्रेकनं शेठ काही बोलना नहीत.”

“मी बोली ऱ्हायनू ना.”

सुपडूने त्याच्याकडे दयेने पाहिलं. “तू गाडी चालावस, भाऊ. गाडी शेठनी शे.”

ट्रकचे पाटे बसले आणि गाडीचा मागचा भाग वीतभर वर आला. शेपूट उभारून उधळायच्या बेतात असलेल्या वासरासारखी ती दिसू लागली. चालूही तशीच लागली. खड्डा तर राहोच, रस्त्यात विडीचं थोटूक आलं तरी मागची सीट टाळूपर्यंत कळवत होती. सुगनबाई नशिराबादपर्यंत जाऊन आल्या आणि उतरताना एवढंच म्हणाल्या, “लग्नात मला उंटावरून आणली होती. उंट बरा होता.”

सुपडूचं निदान तयार होतं. पाटे ट्रकचे, त्यांना वजनाची सवय. त्यांना वजन द्या.

वजन द्यायचं म्हणजे काय ठेवायचं, यावर शेठांच्या पेढीवर दोन दिवस चर्चा झाली. बटाटे जड आणि स्वस्त, पण कंदमूळ भरलेल्या गाडीतून बाई प्रवचनाला कशा जाणार? कांद्याचं नावही कोणी काढलं नाही. शेवटी डिकीत सरकीची दोन पोती टाकली. सरकी निर्दोष होती आणि घरचीच होती. गाडी छान बसली आणि धुळ्याच्या जकात नाक्यावर जाऊन उभी राहिली.

“डिकीत काय?” कारकुनाने विचारलं.

“वजन,” हिलाल म्हणाला.

“कशाचं?”

“सरकीचं.”

“मग सरकी म्हणा की.”

“विकायची नाही साहेब. गाडी उडू नये म्हणून ठेवलीये. संध्याकाळी परत नेणार.”

कारकुनाने नोकरीत पुष्कळ कारणं ऐकली होती, पण हे त्याला इतकं आवडलं की आतल्या दोघांनाही त्याने ऐकायला बाहेर बोलावलं. हिलालने पुन्हा सांगितलं. मग साहेबांना सांगितलं. तोवर तिकडे प्रवचन अर्धं झालं होतं.

माणसांवर जकात नाही, हे शेठांच्या लक्षात आलं तो त्या चातुर्मासातला मोठा क्षण होता. पुढच्या रविवारपासून वजन म्हणून माणसं जाऊ लागली. शेठांचे मेहुणे प्रकाशचंद एकटेच दोन पोत्यांच्या तोलाचे होते. ते पुढे बसले, तर त्यांच्या पत्नी कुसुमलता आणि भक्तिभावाने भरलेल्या आणखी दोघी बाईंच्या आजूबाजूला. फुकट गाडी, वर पुण्य. नाही कोण म्हणेल? पाटे दबले, गाडी तरंगत चालली आणि सुगनबाई डोळे मिटून माळ ओढू लागल्या.

ब्रेक मात्र आता चार दाबांवरून सहावर गेला. हिलालने तसं सांगितलं.

“अरे, पण आता चालते किती झकास,” शेठ म्हणाले.

तिसऱ्या रविवारी पारोळ्याच्या अलीकडे एका वस्तीपाशी रस्त्यात कोंबडी उभी होती. हिलालला ती लांबूनच दिसली. त्याने एक्सिलरेटर सोडला. मग दाबायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. कोंबडी त्याच्याकडे बघत होती. चार, पाच. सहाव्या दाबाला गाडी थांबली, पण कोंबडी पाचव्यालाच संपली होती.

“चल रे, चल,” प्रकाशचंद पुढे बघत हळूच म्हणाले.

सुगनबाईंनी डोळे उघडले. “काय झालं?”

हिलालच म्हणाला, “कोंबडी मेली, बाई.”

“दिसली नव्हती तुला?”

“दिसली होती.”

“मग?”

आठ महिन्यांत कोणी ‘मग?’ असं विचारलं नव्हतं. हिलालने स्टिअरिंगवर हात ठेवून सगळं सांगितलं. चार दाबांचं, सहा दाबांचं, शहाण्याला ब्रेक लागत नाही त्याचं.

मग सुगनबाई गाडीतून उतरल्या. भिकुबाई नावाची मालकीण मेलेली कोंबडी पायाला धरून, भांडायची तयारी करून येत होती. सुगनबाईंनी तिच्यापुढे हात जोडले आणि क्षमा मागितली. भिकुबाईचं भांडण जागच्या जागी वाया गेलं.

“ऱ्हाऊ द्या, अक्का,” ती गोंधळून म्हणाली. “कोंबडीच शे. आज रईवार, आम्ही ती कापनारच व्हतूत.”

समजूत घालायची तिची ही रीत सुगनबाईंना अजिबात सोसली नाही. त्या कडुलिंबाखाली जाऊन बसल्या. ड्रायव्हर म्हणेल तिथे थांबू लागेपर्यंत या गाडीत पाय ठेवणार नाही, असा नियम त्यांनी तिथेच घेतला, आणि प्रायश्चित्ताचे तीन उपवास वेगळे.

“पाप माझं आहे, बाई,” हिलाल म्हणाला.

“पाय तुझा होता,” त्या म्हणाल्या. “बाकी बघू.”

सगळं वजन एसटीने परत आलं. घरी सुगनबाई नुसत्या उपाशी बसल्या. आई उपाशी असताना शेठांना ताटावर बसवेना. सोमवारी दुपारपर्यंत त्यांचं ब्रेकविषयीचं मत बदललं. सुपडूने नवे लायनर, नवे सिलिंडर, नवे पाइप बसवले आणि म्हणाला, “हाई काम तर पहिलेच करनं व्हतं.” हिलाल त्याच्याकडे बघत राहिला. मारावंसं वाटत होतं, पण तेवढा उत्साह नव्हता.

पुढच्या रविवारी पहिल्याच दाबाला गाडी जिथल्या तिथे उभी राहिली आणि प्रकाशचंदांचं कपाळ काचेला लागलं. सुगनबाई आता डोळे मिटत नव्हत्या. कोंबडी दिसली, थांब. खार दिसली, थांब. मुंग्यांची रांग असेल असं वाटलं, तरी थांब. प्रत्येक वेळी हिलालने एकदाच पेडल दाबलं आणि प्रत्येक वेळी गाडी थांबली. धुळ्याला पोचले तेव्हा लोक प्रवचन ऐकून जोडे शोधत होते.

शेठांनी तोडगा काढला. “पहाटे चारलाच निघत जा.”

“अंधारात दिव्यावर जीव मरतात,” सुगनबाई म्हणाल्या.

“मग शनिवारी संध्याकाळी, उजेडातच जायचं आणि तिथे मुक्काम करायचा. बाईंची सोय धर्मशाळेत होईल. हिलालला काय, गाडी आहेच.”

शनिवारी धर्मशाळेच्या आवारात हिलालने गाडी लावली. सगळं वजन आत गेलं. मागची सीट मोकळी आणि टणक होती. तिच्यावर पडून त्याने दोन्ही कुशी करून पाहिल्या. मग उठून पुढे आला, स्टिअरिंगमागे बसला आणि उभ्या गाडीतच ब्रेकवर पाय ठेवला. पेडल पायाखाली घट्ट उभं राहिलं. पाय न काढता त्याने मान मागे टाकली. धर्मशाळेतून कोणीतरी, उद्या किती वाजता, असं विचारत होतं. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.