गच्चीवरचा दुसरा दोर

गंगापूर रोडवरच्या त्या नऊमजली सोसायटीच्या भिंतींना दोन पावसाळे ओल येत होती. अखेर या एप्रिलमध्ये बाहेरच्या भेगा बुजवायचं काम निघालं. परांची बांधायची नाही, दोरावरून उतरून काम करणारे तंत्रज्ञ येणार, असं सेक्रेटरी शेखर बोरस्ते यांनी फलकावर लावलं. सगळे खूश झाले. अडचण एकच होती. एप्रिल म्हणजे कुरडयांचे दिवस, आणि गच्ची दोरवाल्यांकडे.

"माझा चीक शिजलाय," शेखररावांच्या पत्नी हर्षाली म्हणाल्या. "आता कुरडया काय हॉलमध्ये वाळवू?"

"मी करतो जागा," शेखरराव म्हणाले.

गच्चीवर काम करणाऱ्यांचे प्रमुख नौशाद शेख. त्यांच्या हाताखाली तीन वर्षं दोरावर उतरणारी स्नेहल निफाडची होती. सोमवारी तिची वरच्या श्रेणीची परीक्षा होती आणि त्यासाठी नौशादभाईंची शिफारस लागणार होती. दोरावर उतरणाऱ्या प्रत्येकाला दोन दोर असतात. एकावर लटकून काम करायचं, दुसरा पहिल्याने दगा दिला तर. तिचा पहिला दोर पाण्याच्या टाकीच्या खांबाला होता आणि दुसरा लिफ्टरूमच्या.

"एवढा जाडजूड दोर, एक पुरत नाही का?" शेखररावांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"पुरतो की, काका," स्नेहल म्हणाली होती. "नाही पुरला, तर तक्रार करायला मी नसेन."

बुधवारी सव्वादहाला मंडळी चहाला खाली गेली. शेखरराव कुरडयांची परात घेऊन वर आले. चांगल्या उन्हाची जागा नेमकी दुसऱ्या दोराने अडवली होती. त्यांनी दोराची लोखंडी कडी लिफ्टरूमच्या खांबावरून सोडवली आणि शेजारच्या डिश अँटेनाच्या स्टँडला अडकवली. दोर काढला कुठे, नुसता सरकवला! खाली जाऊन सांगायचं त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात फोन आला आणि ते विसरले.

चहा झाला. स्नेहल कमरेचे पट्टे आवळत होती. नौशादभाईंची एक सवय होती. प्रत्येक सुट्टीनंतर ते कठड्यापासून खांबापर्यंत प्रत्येक दोर हाताने चाचपत जात. अँटेनापाशी ते थांबले. त्यांनी दोराला हिसका दिला. स्टँड चारही स्क्रूंसकट उखडून हातात आला.

"काम बंद!"

शेखररावांना वर बोलावलं गेलं.

"साहेब, या दोराला कोणी हात लावला?"

शेखररावांनी उखडलेले स्क्रू पाहिले. "नाही बुवा. मी तरी नाही."

"कुरडया कोणाच्या?"

"आमच्याच. पण कडेकडेने घातल्यात."

नौशादभाईंनी कामाची वही उघडली. "दोर बांधल्याची सही स्नेहलची आहे. कोणी हात लावला नसेल तर चूक तिची. आजपासून ती दोरावर नाही. शिफारसही नाही." त्यांनी तसं वहीत लिहिलं.

"मी खांबालाच लावला होता, भाई."

"मलाही तसंच वाटतं. पण वाटण्यावर माणूस खाली सोडता येत नाही."

दुपारी जेवताना शेखररावांनी हे सगळं घरात सांगितलं.

"मग खरं सांगितलंत ना?" हर्षालींनी विचारलं.

"सेक्रेटरीची काय इज्जत राहिली असती? आणि झालं तर काहीच नाही."

हर्षालींनी डाव खाली ठेवला. "झालं नाही ते नौशादभाईंमुळे. तुम्ही तर करूनच आला होतात. ती पोर खाली पडली असती, तर त्या कुरडया मी कोणाच्या ताटात वाढल्या असत्या? आणि इज्जत म्हणता? तिची घालवून आलात की आत्ता!"

शेखरराव भरल्या ताटावरून उठले. गच्चीवर स्नेहल तिचं सामान पिशवीत भरत होती.

"नौशादभाई, ते खोडा! दोर मी सरकवला. आणि विचारलंत तेव्हा खोटं बोललो!"

मग स्नेहलने विचारलं, "काका, पण अँटेनाला?"

"मला तो मजबूत वाटला."

"त्यावर कावळा बसला तरी टीव्ही जातो हो!"

शेखररावांना वाटलं, आता ओरडा बसणार. नौशादभाईंनी मात्र वहीतली नोंद खोडली, स्नेहलची शिफारस पुन्हा लिहिली आणि खाली आणखी एक ओळ घातली. गच्चीवर माणूस न ठेवता चहाला गेलो, चूक माझी.

"तुमची कशी?"

"अर्धी माझीच, साहेब. आणि चूक सांगणाऱ्यावर आम्ही ओरडत नाही. ओरडलो तर पुढचा माणूस सांगणारच नाही."

दुसऱ्या दिवसापासून चहाच्या सुट्टीत गच्चीच्या दारात एक प्लास्टिकची खुर्ची दिसू लागली. खुर्चीत शेखरराव. पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ गादी उन्हात टाकायला आले. "ही दोरी जरा बाजूला घेऊ का?"

"हात लावू नका!" शेखरराव उभेच राहिले. "तिला माणूस लटकतो!"

त्याच दुपारी स्नेहल सहाव्या मजल्यावर बोरस्त्यांच्या खिडकीबाहेर भेग बुजवत होती. आतून हर्षालींनी तळलेल्या कुरडयांची ताटली दाखवली. स्नेहलने हसून भेगेकडे बोट दाखवलं, आधी काम.

आपल्या भिंती कोरड्या राहाव्यात म्हणून कोणीतरी बाहेर दोरावर असतं. आपल्या सोयीसाठी त्याचा दोर बोटभरही सरकवू नये. आणि सरकवलाच, तर त्याच क्षणी सांगावं. शेखररावांना सांगायला दोन तास लागले. ते दोन तास स्नेहल दोरावर नव्हती, हे त्यांचं नशीब.