पाचवी चूक

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा रागही येत नसे. प्रोग्रामर मंडळींनी लिहिलेलं सॉफ्टवेअर शेवटी तिच्याकडे तपासणीला यायचं आणि त्यातले खडे ती बरोबर वर काढायची. आठ वर्षांत तिच्या सहीनंतर गिऱ्हाइकाची एकही ओरड आली नव्हती. याचा तिला अभिमान होता. थोडा गर्वही होता, खोटं कशाला बोला.

पण चाळणीची भोकं मोठी तर झाली नाहीत ना, हे कुणीतरी बघायला हवंच. ते काम मास्तरकडे होतं. मास्तर म्हणजे टीममधला सगळ्यात जुना प्रोग्रामर, अर्धे केस पांढरे आणि आवाज फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचा. दर सोमवारी तो सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम पाच चुका पेरायचा, त्या चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी लखोट्यात घालून, तोंड चिकटवून तिच्या टेबलावर ठेवायचा. शुक्रवारपर्यंत तिनं त्या हुडकायच्या. पाचही सापडल्या तर चहा मास्तरचा, एक जरी राहिली तर तिचा. सहा वर्षांत तिच्यावर चहाची पाळी दोनदाच आली होती, आणि त्यातल्या एकदा तिला ताप होता.

मग हॉस्पिटलचं काम आलं. वॉर्डातल्या नर्सच्या हातात एक टॅब असणार, आणि कोणत्या पेशंटला कोणतं औषध किती वाजता किती द्यायचं, हे त्यावर दिसणार. चाळणीची धाकटी बहीण त्याच हॉस्पिटलात नर्स होती, म्हणून हे काम तिला घरचंच वाटत होतं. साहेबांनी मात्र कुणालाही न विचारता वरच्यांना तारीख देऊन टाकली आणि मग टीमला सांगितलं, "आता जरा कंबर कसायची."

कंबर कसली ती सात आठवडे सुटली नाही. शनिवार गेला, मग रविवार गेला. पहिले दोन आठवडे काम खरंच धावलं. साहेबांनी केक आणला, कापताना फोटो काढला आणि तो वर पाठवला. तिसऱ्या आठवड्यापासून एक नीट करावं तर दोन बिघडायला लागली. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोन शहाणी माणसं तासभर भांडली. एकानं कुठल्याशा कामावर 'हे कोणत्या गाढवानं लिहिलंय?' असा शेरा मारला आणि मग पाहिलं तर नाव त्याचं स्वतःचंच. कुणी हसलंसुद्धा नाही.

चौथ्या आठवड्यात चाळणीला पाचातल्या चार चुका सापडल्या. पाचव्यात तीन. तिनं मुकाट्यानं चहा आणला. मास्तरनं चिडवायला हवं होतं, पण तो कप हातात धरून भिंतीकडे बघत राहिला. चहावर साय धरली.

ती साहेबांकडे गेली. "साहेब, माझ्यावर विसंबू नका. मास्तरांच्या पाचातल्या तीनच हाती लागतायत. म्हणजे खऱ्या चुकाही तशाच निसटत असणार."

साहेब हसले. "अहो, हा तुमचा विनय झाला. तुमच्यासारखी चाळणी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. मी तर हॉस्पिटलला सांगितलंय, स्क्रीनवर खाली तुमचं नाव टाकतो. 'तपासणी' लिहून पुढे तुमचं नाव."

माणूस चांगलं काम करतो म्हटलं तर कुणी पटकन मानत नाही. पण आपण वाईट काम करतोय असं तो सांगायला लागला तर अजिबातच मानत नाहीत. चाळणी परत जागेवर येऊन बसली.

शेवटच्या शुक्रवारी दुपारपर्यंत तिला दोनच सापडल्या होत्या. सोमवारी सॉफ्टवेअर हॉस्पिटलात चालू व्हायचं होतं. तिनं लखोटा फाडला. चिठ्ठीवर चारच ओळी होत्या, तिला सापडलेल्या दोन्ही त्यांतच. तिनं चिठ्ठी उलटून पाहिली, लखोट्यात बोट घालून पाहिलं.

"मास्तर, पाचवी कुठाय?"

मास्तरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओळी बोटानं मोजल्या. "चारच लिहिल्या मी?"

"पेरल्या किती?"

"पाच. पाचच पेरल्या गं. दर वेळी पाचच पेरतो." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "कुठे, ते आठवत नाहीये."

एरवी यात घाबरण्यासारखं काही नसतं. मास्तर चुका वेगळ्या प्रतीत पेरायचा, आणि खेळ संपला की ती प्रत फेकून द्यायचा. पण वेगळी प्रत करायला एक तास लागतो, आणि गेले तीन आठवडे तो तास त्याच्याकडे नव्हता. त्यानं थेट मूळ सॉफ्टवेअरमध्येच पेरल्या होत्या. काय बदललं याची नोंद पाहावी तर पेरल्या त्या सोमवारी त्यानं दोनशे बदल एकाच गठ्ठ्यात कोंबले होते. म्हणजे औषधांच्या त्या यादीत कुठेतरी एक चूक बसली होती. ती सहज नजरेत येऊ नये म्हणून मास्तरनं मुद्दाम, सगळी अक्कल खर्चून केलेली चूक.

दोघं साहेबांकडे गेले. साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला, मग लगेच कामाला लागला. "शनिवार-रविवार सगळे बसा. बारा माणसं, चोवीस डोळे. सापडेल."

"साहेब," चाळणी म्हणाली, "त्यापेक्षा मास्तरांना घरी पाठवा. दोन दिवस झोपू द्या. आपोआप आठवेल त्यांना. आणि तारीख चार दिवस पुढे ढकला."

"झोपून कधी कुणाची कामं झालीयत?" साहेब म्हणाले. त्यांचेही डोळे लाल होते.

बारा जण बसले. रविवार दुपारपर्यंत त्या दोनशे बदलांत सहा चुका निघाल्या. दर वेळी मास्तरला हाक मारली जायची. तो वाकून बघायचा आणि मान हलवायचा. "ही माझी नाही. ही नुसतीच चूक आहे." सगळे पुन्हा खाली बघायचे.

पाच वाजता साहेब सहीचा कागद घेऊन आले. "आता बास. असती तर सापडली असती."

मास्तर हळूच म्हणाला, "कदाचित चारच पेरल्या असतील मी." पण म्हणताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, आणि तिला कळायचं ते कळलं.

तिनं मान वर केली. अकरा माणसं तिच्या पेनाकडे बघत होती. एकाची पोरगी फोनवरून तिसऱ्यांदा विचारत होती, बाबा निघालास का? तिनं सही केली नाही तर हे सगळे पुन्हा बसणार, आणि बसून नव्या चुका करणार, हे तिला लख्ख दिसत होतं. सही केली तर काय, तेही दिसत होतं. तिला रडू आलं, पण ते आवरायलासुद्धा ताकद लागली नाही, आपोआपच विरून गेलं. तिनं सही केली. पाच मिनिटांत मजला रिकामा झाला.

मंगळवारी दुपारी बहिणीचा फोन आला.

"ताई! काय झकास केलंयस गं! इथे सगळ्या खूश आहेत."

"नीट चालतंय ना?"

"एकदम! आधी प्रत्येक औषध आम्ही दोघी-दोघी मिळून ताडून बघायचो. एकीनं वाचायचं, दुसरीनं वहीत बघायचं. काल स्क्रीनवर खाली तुझं नाव दिसलं, मी सगळ्यांना सांगून टाकलं, ही माझी ताई आहे, हिच्या हातून मुंगी निसटत नाही. आता वही कशाला?"

"नाही, ऐक माझं. वही काढ. दोघी-दोघीच बघा."

"अगं, दुसरी कोण आहे इथे? दोघी नोकरी सोडून गेल्या. माझी सलग दुसरी पाळी चालू आहे, डोळ्यांपुढे अक्षरं नाचतायत. बरं झालं, तू केलंयस ते. चल, बेल वाजतेय, औषधांची वेळ झाली."

"थांब—" ती म्हणाली, पण फोन बंद झाला होता. तिनं पुन्हा लावला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. साहेबांच्या खोलीचं दार बंद होतं. आत पुढच्या कामाची तारीख ठरत होती.

ती धावत मास्तरकडे गेली. मास्तर टेबलावर डोकं टेकून झोपला होता, सात आठवड्यांत पहिल्यांदा इतका गाढ. तोंड थोडं उघडं, चष्मा कपाळावर चढलेला. तिनं त्याच्या खांद्याकडे हात नेला आणि तसाच हवेत धरून ठेवला. झोपला तर आठवेल, असं तीच म्हणाली होती.