ओल्या गोणपाटातली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. पहिल्यांदा पाहणारा मात्र मला पाण्याचा पाइपच समजतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. वसईच्या नरहरीकाकांनी आपल्या पानमळ्यात उरलेल्या रुंद पाइपाचंच माझं अंग केलं. तळाचा आरसा त्यांनी स्वतः घडवला. कुरुंदाची पूड आणि पाणी घालून काचेवर काच घासत ते तीन महिने एका पिंपाभोवती फिरत होते. "काय भूत शिरलंय तुमच्या अंगात!" असं शांताकाकू म्हणायच्या, पण चहा तिथेच आणून द्यायच्या.

मग माझे दिवस आले. उन्हाळ्यात दिवेलागण झाली की अंगणात मुलांची रांग लागायची. पार एव्हरशाईन सिटीतूनही मुलं यायची. चंद्रावरचे खड्डे पाहून कोणी ओरडलं की मी खूश! शांताकाकूंनी मात्र कधी डोळा लावला नाही. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणत त्या आत जायच्या.

यंदा एप्रिलमध्ये काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते महिनाभर मुलीकडे राहिले. इकडे उकाडा वाढला तशी काकूंना माझी काळजी वाटू लागली. विड्याची पानं सुकू नयेत म्हणून त्या जन्मभर जे करत आल्या, तेच त्यांनी माझ्यासाठी केलं. मला ओल्या गोणपाटात गुंडाळलं, वरून केळीचं पान घातलं आणि रोज न चुकता पाणी शिंपडलं. आत माझा आरसा डागाळत होता आणि मला काही बोलता येत नव्हतं.

काका घरी आले, त्यांनी गोणपाट सोडलं आणि आत डोकावून पाहिलं.

"अगं, ही दुर्बीण आहे! पानांची टोपली नव्हे!"

त्यानंतर चार दिवस घरात अबोला. काकू जेवण वाढायच्या आणि मुकाट्याने आत जायच्या. खरं सांगते, मला डागांपेक्षा तेच जास्त लागलं.

पाचव्या दिवशी काका म्हणाले, "उद्या भंगारवाल्याला देऊन टाकतो." पण संध्याकाळी त्यांना राहवेना. काठी टेकत त्यांनी मला अंगणात आणलं, शेजारी स्वतःसाठी खुर्ची ठेवली आणि मला सप्तर्षींकडे वळवलं. मी जीव मुठीत धरला. थोडं अंधूक होतं, पण दिसत होतं!

"शांता, जरा ये इकडे."

काकू आल्या आणि भीतभीतच वाकल्या.

"तो वसिष्ठ," काका म्हणाले, "आणि बाजूला अरुंधती. लग्नात दाखवली होती ना, तीच."

काकू डोळा न काढता म्हणाल्या, "अहो, तेव्हा मला काही दिसलं नव्हतं. भटजींना घाई होती, म्हणून दिसली म्हटलं."

"मग आता सावकाश बघ," म्हणत काकांनी आपली खुर्ची काकूंकडे सरकवली.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण कसं जपायचं ते आधी विचारून घ्या. आणि मायेपोटी कोणी चुकलंच, तर त्याच्याशी बोलणं टाकू नका.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. काकूंनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं.

"माझं अजून बघून व्हायचंय," म्हणाल्या.