चेंडूकडे बघायचं नाही

सँड फोर्क गावानं डेल्बर्ट प्रूइटला हाकललं, तेव्हा त्याच्या घरापुढच्या हिरवळीवर कुणीतरी ‘घर विकणे आहे’ अशी पाटी रोवून गेलं होतं. त्यानं घर विकायला काढलेलं नव्हतं. आमच्या ओक्लाहोमात हरलेल्या फुटबॉल कोचला ‘चालता हो’ असं तोंडावर कुणी म्हणत नाही, पाटी रोवतात. चर्चहून आलेल्या त्याच्या बायकोनं, व्हॅनेटानं, ती उपटून गॅरेजमागे टाकली. सकाळी तिथं दोन होत्या. व्हॅनेटाचं बायकांचे केस सेट करायचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक येईनासं झालं, आणि एक दिवस तिनं खुर्च्यांवर चादरी घालून दार लावून घेतलं.

डेल्बर्टचा दोष काय, तर तो गप्प बसला.

तो सँड फोर्क शाळेच्या फुटबॉल संघाचा बचाव सांभाळायचा. आमचा फुटबॉल पायानं नाही, चेंडू हातात धरून पळत खेळतात. मुख्य कोच होता गार्लंड म्यूज. दोघं एकाच वर्गात शिकलेले, एकत्र शिकारीला जाणारे, एकमेकांच्या घरी थँक्सगिव्हिंगची टर्की कापणारे. राज्याच्या अंतिम सामन्यात समोर ‘ऑप्शन’ खेळणारा संघ आला. त्या खेळात चेंडू हातात धरून पळणारा पोरगा, म्हणजे क्वार्टरबॅक, ऐन वेळी तीनपैकी एक काहीतरी करतो. मधून घुसणाऱ्या गड्याकडे चेंडू देतो, नाहीतर स्वतः घेऊन पळतो, नाहीतर अंगावर कुणी येताना दिसला की बाजूनं पळणाऱ्याकडे फेकतो. बचाव करणारा ज्याच्यामागे धावला, त्याला सोडून चेंडू दुसऱ्याकडे जातो. म्हणून डेल्बर्टनं पोरांना प्रत्येकी एकेक माणूस वाटून दिला होता. चेंडू कुठेही जावो, आपला माणूस सोडायचा नाही.

मध्यंतरापर्यंत ते जमलं. पण मधल्या गड्यानं एकदोनदा लांब मुसंडी मारली आणि गार्लंडचा धीर सुटला. त्याचा सारा जन्म ताकदीच्या खेळावर गेलेला. धिप्पाड पोरं एका बाजूला लोटायची, त्यांच्या आडून एकानं चेंडू घेऊन घुसायचं, लपवाछपवी काही नाही. त्याला अडवायचं तर सगळ्यांनी चेंडूवर तुटून पडायचं, एवढंच त्याला ठाऊक. कपडे बदलायच्या खोलीत त्यानं डेल्बर्टला बाजूला सारलं आणि पोरांना सांगितलं, जिथं चेंडू तिथं सगळे. दुसऱ्या अर्ध्यात सगळे मध्ये धावले आणि चेंडू बाजूनं निघून गेला, पुन्हा पुन्हा. सँड फोर्कची अब्रू गेली.

सोमवारी सकाळी रेडिओवर गार्लंड म्हणाला की बचावाची आखणी कोच प्रूइटची होती, त्यांनाच विचारा. डेल्बर्टला वाटलं, हाताखालच्या माणसानं वरच्याला उघडं पाडू नये. शिवाय मित्र आहे, चार दिवसांनी स्वतःच खरं सांगेल. गार्लंडनं सांगितलं नाही. पाट्या लागल्या तेव्हा तो फिरकलासुद्धा नाही.

मग डेल्बर्ट आमच्या वॉकर फ्लॅटला आला. गाव एवढंसं. तो पोरांना सुतारकाम शिकवायचा, गाडी चालवायला शिकवायचा आणि संघाचा मुख्य कोच होता. मी इतिहास शिकवायचो आणि त्याचा मदतनीस होतो. चांगला माणूस, पण सँड फोर्कचं नाव निघालं की हातातला घास खाली ठेवायचा. एकदा मी विचारलं, की सोडून का देत नाहीस.

“हॉलिस,” तो म्हणाला, “तुझी बायको रिकाम्या दुकानात एकटी बसलेली तू कधी बघितलीस का?”



तिकडे सँड फोर्कला गार्लंड मार खाऊन शहाणा झाला. ज्या ऑप्शननं त्याला लोळवलं तोच त्यानं उचलला, आणि क्वार्टरबॅक म्हणून स्वतःचा पोरगा उभा केला. किप त्याचं नाव. सडपातळ, चपळ, डोक्यानं तल्लख. लहानपणी तो डेल्बर्टच्या मांडीवर बसून मासे पकडायला शिकला होता. म्यूज बापलेकांना त्या हंगामात कुणी हरवू शकलं नव्हतं. आणि उपांत्य फेरीत त्यांच्यासमोर आम्ही आलो.

त्या आठवड्यात डेल्बर्टनं सरावाला चेंडूच आणला नाही. पोरांना वाटलं विसरला. त्यानं नुसती माणसं पळवली. “चेंडूकडे बघायचं नाही,” एवढंच घोकत राहिला. तू मधला गडी धर, त्याच्या हातात काही असो नसो. तू बाहेरचा धर. आणि डॅरिल हार्जोला त्यानं क्वार्टरबॅक दिला.

हार्जो आमचा कडेचा गडी. क्रीक जमातीच्या मूळ अमेरिकी लोकांपैकी, अंगानं रेड्यासारखा आणि स्वभावानं गायीसारखा. घरची वासरं तोच सांभाळायचा.

“प्रत्येक वेळी पाडायचा?” त्यानं विचारलं.

“प्रत्येक वेळी.”

“त्यानं चेंडू फेकून दिला असला तरी?”

“फेकता फेकता पाडायचा. नियमात बसतं. उशीर मात्र करायचा नाही, उशीर केलास तर पंच दंड करेल.”

हे खरंच नियमात बसतं. ऑप्शनविरुद्ध शहाणा कोच हेच शिकवतो. क्वार्टरबॅकला दर वेळी किंमत मोजायला लावली की तो घाबरून लवकर फेकायला लागतो आणि चुकतो. पण डेल्बर्ट ते सांगत होता तेव्हा मी त्याचा चेहरा बघितला. तो बचाव शिकवत नव्हता.

फक्त एका संध्याकाळी, सराव संपताना, त्यानं चेंडू काढला आणि पोरांना थोडा वेळ उलटं शिकवलं. ताकदीचा खेळ आला तर आपापली फट बुजवायची आणि मोकळा असेल त्यानं चेंडूवर झेपावायचं. मी म्हटलं, सँड फोर्क आता हे खेळतच नाही. तो म्हणाला, “गार्लंड अडचणीत आला की जुन्या घरी परत जातो. मी ओळखतो त्याला.”

सामना शनिवारी दुपारी, तिसऱ्याच गावच्या मैदानावर. वारा इतका की डोळ्यांत धूळ जायची. मी प्रेक्षकांच्या बाकांच्या वर बांधलेल्या लाकडी खोलीत डेल्बर्टशी बोलायचा फोन घेऊन बसलो होतो, डेल्बर्ट खाली रेषेवर. वरून सगळं स्वच्छ दिसतं.

पहिल्याच खेळीला किपनं चेंडू बाहेर फेकला आणि हार्जोनं त्याला उचलून आपटला. सँड फोर्कचे लोक उभे राहून पंचांना शिव्या घालायला लागले. पंचांनी नुसती मान हलवली. किप उठला, हार्जोच्या पाठीवर थाप मारून गेला. पुढच्या वेळी परत तेच. नंतर नंतर तो उठायला वेळ लावू लागला, आणि थापाही बंद झाल्या. आमच्या पोरांनी मात्र आपापला माणूस सोडला नाही. सँड फोर्कची गाडी रुतली, आणि तेवढ्यात आमचा एक पोरगा चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडून आला.

मध्यंतराच्या थोडं आधी मला दिसलं की किप डावीकडे खेळतच नाहीये. डावा हात अंगाला चिकटवून धरत होता. मी फोनवर सांगितलं, “त्याचा डावा खांदा गेलाय. तो फक्त उजवीकडे पळणार.”

मग डेल्बर्ट म्हणाला, “हार्जोला त्या बाजूला घेतो.”

मध्यंतरात मी खाली आलो. हार्जो बाकावर बसला होता, हेल्मेट मांडीवर. म्हणाला, “कोच, तो मला येताना बघून आता डोळे मिटतोय.”

“मग?”

“मी नाही म्हणत नाहीये. नुसतं सांगतोय.”

डेल्बर्ट तडक बाहेर गेला. त्याच्या मागोमाग मीही गेलो, मला त्याची भीती वाटली. पाण्याच्या नळापाशी गार्लंड उभा होता. इतक्या वर्षांत दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले.

“गार्लंड, पोराचा खांदा गेलाय. बाहेर काढ त्याला.”

गार्लंड हसला. “वा. म्हणजे मी माझा सगळ्यात चांगला गडी बसवायचा, तुझ्या सांगण्यावरून?”

“तो मोडेल.”

“मग तुझ्या त्या बैलाला आवर.”

“नाही आवरणार,” डेल्बर्ट म्हणाला. “म्हणून तर सांगायला आलोय. तू ठेवलास तर मी मारणार.”

“मार,” गार्लंड म्हणाला. “माझा पोरगा आहे तो. तुझ्या पोरांसारखा मऊ नाही.”

डेल्बर्ट परत आला आणि हार्जोला म्हणाला की काम बदललेलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या अर्ध्यात फार वेळ लागला नाही. किपनं उजवीकडे धाव घेतली, चेंडू फेकला आणि हार्जो त्याच क्षणी पोहोचला. तसा तो धक्का आधीच्यांपेक्षा हलकाच होता. पण किप डाव्या अंगावर पडला आणि उठला नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याला स्ट्रेचरवरून नेताना गार्लंड पोराकडे नाही, मैदानापलीकडे डेल्बर्टकडे बघत होता. डेल्बर्टनं हात छातीवर बांधले होते. एवढ्या वर्षांची त्याची भूक त्या घडीला भागली असावी, असं मला वरून वाटलं. त्याची मान ताठ होती.

आणि मग गार्लंड जुन्या घरी परत गेला. बाजूनं पळणारा पोरगा त्यानं बसवला, त्याच्या जागी अजून एक धिप्पाड घातला, सगळी रांग आवळून घेतली. मी फोनवर ओरडलो, “ताकद. ताकदीनं येतायत.” डेल्बर्टनं आधीच हातानं खूण केली होती. पण आठवडाभर चेंडूकडे न बघायला शिकलेली पोरं. एक जण आपला बाहेरचा माणूस धरायला धावला, जो तिथं नव्हताच. हार्जो नव्या क्वार्टरबॅकच्या मागे गेला. मधून सँड फोर्कवाले मक्याच्या शेतात रानडुकरं शिरावीत तसे शिरले. बरोबरी झाली.

डेल्बर्टनं खेळ थांबवून पोरांना जवळ बोलावलं. तो काय म्हणाला ते मला हार्जोनं नंतर सांगितलं. म्हणाला, “आठवडाभर मी तुम्हाला एक शिकवलं, कारण मला एका माणसाला मारायचं होतं. ते झालं. आता ते विसरा. आता समोर एकच चेंडू आहे आणि तो सरळ तुमच्या अंगावर येतोय. फट बुजवा आणि सगळे जण त्याच्यावर पडा.”

मग जो खेळ झाला तो नुसता रेटारेटीचा. आमची पोरं वजनानं कमी, पण ताजी होती. ऑप्शनविरुद्ध त्यांना फार पळावं लागलं नव्हतं. आम्ही आणखी गुण घेतले. अगदी शेवटी सँड फोर्क आमच्या गोलरेषेपाशी येऊन ठेपलं, आणि शेवटच्या प्रयत्नाला गार्लंडनं चेंडू मधूनच घुसवला, सगळ्यांना ठाऊक होतं तिथूनच. ढिगाखालून पंचांनी पोरं उपसून काढली. चेंडू रेषेच्या अलीकडे होता.

बसमध्ये पोरं गात होती. ड्रायव्हरनं रेडिओ लावला. गार्लंडची मुलाखत चालू होती. तो सांगत होता की क्वार्टरबॅकचे निर्णय चुकले, भलत्या वेळी चेंडू फेकला, पोरात अजून दम यायचाय.

गाणी थांबली. डेल्बर्ट पहिल्या बाकावर होता. तो ड्रायव्हरला म्हणाला, “हॉस्पिटलकडे वळव.”

आत आम्ही तिघं गेलो, तो, मी आणि हार्जो. किप पलंगावर रेलून बसला होता, हात गळ्यात. हार्जो दारात टोपी हातात धरून उभा राहिला.

“ये ना,” किप म्हणाला. “घरी काय, ट्रॅक्टर पाडायचा सराव करतोस?”

“वासरं पाडतो,” हार्जो म्हणाला. “ती तुझ्यापेक्षा जड असतात.”

“हसवू नको लेका, दुखतं.” मग किपनं डेल्बर्टकडे बघितलं. “डेल काका, तुम्ही मला मारत होता की बाबांना?”

“तुझ्या बापाला.”

“लागलं मला.”

“हो,” डेल्बर्ट म्हणाला. त्याला बसायला खुर्ची होती, पण तो बसला नाही. “किप, तू एकदाही चुकला नाहीस. आज तू ज्याला चेंडू दिलास, त्यालाच द्यायला हवा होता. तुझा बाप काहीही म्हणो.”

किपनं रेडिओ ऐकला नव्हता. पण बाप काय म्हणाला असेल हे त्याला कळलं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. आम्ही निघालो.

सोमवारी डेल्बर्ट त्याच रेडिओवर गेला. त्यानं किपच्या एकेक खेळीचं नाव घेऊन सांगितलं की पोरगा बरोबर होता आणि खांदा दुखावलेला असताना त्याला कुणी खेळवत ठेवलं तेही. मग त्यानं त्या जुन्या अंतिम सामन्याचं सगळं सांगितलं. मध्यंतरात कोण काय बोललं, चेंडूवर तुटून पडायचा हुकूम कुणाचा. आवाज चढवला नाही. दुपारपर्यंत सँड फोर्कच्या जुन्या पोरांनी, जी त्या खोलीत होती आणि आता बायकापोरंवाली झाली होती, फोन करून करून ते खरं असल्याचं सांगितलं. गार्लंडला शाळेनं ठेवला, पण त्याच्या टेबलावर कॉफी प्यायला कुणी बसेना. किप बरा झाला आणि परत कधी खेळला नाही. उन्हाळ्यात तो पाइपलाइनच्या कामावर टेक्सासला निघून गेला. बापाचा निरोपसुद्धा घेतला नाही म्हणतात.

त्या हंगामातला अंतिम सामना आम्ही हरलो. तो संघ ताकदीचाच होता आणि आमच्यापेक्षा खूप जड होता. त्या रात्री व्हॅनेटानं चिली, म्हणजे मांस-राजम्याचा तिखट रस्सा, आणि मक्याचा पाव केला होता, मला जेवायला थांबवलं. जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, “आता तरी शांत वाटतं का?”

“गार्लंडचं वाईट वाटत नाही,” तो म्हणाला. “कधी वाटणारही नाही. त्याला अजून हरवायला मिळालं तर हरवेन.”

“आणि पोराचं?”

डेल्बर्टनं पाव मोडून वाटीत बुडवला.

“त्याच्या बापानं ‘मार’ म्हटलं,” तो म्हणाला, “तेव्हा मला बरं वाटलं, व्हॅनेटा. फार बरं वाटलं.”

तिनं माझ्या वाटीत अजून थोडी चिली वाढली.