सीताखाईवरची हाक

म्हसावद मागे पडलं, राणीपूरचा फाटा गेला आणि मोटारसायकल सातपुड्याच्या घाटाला लागली, तेव्हा कुठे भूमिकाने नवऱ्याच्या खांद्यावर मोकळेपणाने हात ठेवला. लग्न उन्हाळ्यात झालं होतं, आता दिवाळी होऊन गेली होती. पण सारंगखेड्याजवळच्या त्या भरल्या घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची पोरं आणि केळीच्या बागेत राबणारे मजूर यांच्या गर्दीत नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला कोपरा म्हणून मिळाला नव्हता. माहेरी खापर गावात बापाच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईकांशी दिवसभर बोलणारी भूमिका इथे येऊन गप्प गप्प झाली होती.

एकतिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. हेमराजचं हे दुसरं. पहिली बायको ममता साध्या तापाने चार दिवसांत गेली होती, हे सोयरीक ठरतानाच सांगितलं गेलं होतं. त्यात लपवाछपवी नव्हती. हेमराज माणूस सालस होता, आवाज चढवत नसे. फक्त कधीकधी जेवताना त्याचा घास हातातच राहायचा आणि तो दाराकडे पाहत बसायचा.

जोडीने फिरायला जाऊ, असं तिने दोन-तीनदा सुचवून पाहिलं होतं. दरवेळी त्याने विषय टाळला. मग मागच्या आठवड्यात आपण होऊनच म्हणाला, की तोरणमाळला जाऊ, एक रात्र राहू. सासू तापीबाईंनी लगेच दशम्या आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. जाताना लेकाकडे मात्र त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं.

वर पोचले तर हवेत चांगलाच गारवा होता. रस्त्याच्या कडेला पावरा आदिवासी बाया सीताफळांच्या टोपल्या मांडून बसल्या होत्या. हेमराजने एक पिकलेलं फळ घेतलं, तटबंदीच्या पडक्या दगडांवर तिला बसवलं आणि फळ फोडून निम्मं तिच्या हातावर ठेवलं. कधीकाळी इथे राजाची राजधानी होती म्हणतात. आता तट कुठे गुडघाभर, कुठे नुसताच दगडांचा ढीग, आणि त्यावर शहरातून आलेली जोडपी मोबाइल उंच धरून फोटो काढत होती. त्यांनीही काढला. फोटो काढताना हेमराज हसला आणि भूमिकाला वाटलं, आपण याच्यासाठी थांबलो होतो ते बरंच झालं.

दुपारी ते यशवंत तलावावर गेले. होडीवाला दलसिंग काठावर विडी ओढत बसला होता. हेमराजला पाहताच त्याने विडी विझवली आणि ओळखीच्या माणसाला करावी तशी मान हलवली. मग त्याची नजर भूमिकाकडे गेली आणि तो होडी सोडायला लागला.

पाणी निवांत होतं. होडीत बसल्यावर हेमराजने तिला आपल्या उजवीकडे घेतलं आणि डावीकडे तेवढीच जागा मोकळी ठेवली. कमळांच्या बाजूला गेल्यावर दलसिंगने न सांगता वल्ही थांबवली. हेमराजने डावा हात पाण्यात सोडला. तिने विचारलं, तुम्ही इथे नेहमी येता का? तो म्हणाला, नाही, खूप दिवसांनी आलो. त्याचं बोलणं खोटं आहे हे तिला कळलं, दलसिंगलाही कळलं, कारण त्याने मान दुसरीकडे फिरवली.

काठाला लागल्यावर हेमराज चहा आणायला टपरीवर गेला. दलसिंग दोर बांधता बांधता तिच्याजवळ आला. हे शेठ दर महिन्याला येतात, असं त्याने सांगितलं. एकटेच येतात, एकटेच होडीत बसतात, मग सूर्य कलला की सीताखाईवर जातात. एवढं सांगून त्याने दोराची गाठ पुन्हा ओढून पाहिली. पुढचं सांगावं की नाही, असं त्याला झालं असावं.

"एकटे असतात, पण होडी दोघांची जड लागते," तो हळू आवाजात म्हणाला. "इतकी वर्षं वल्हवतोय, हाताला कळतं. आज तुम्ही होतात. आज तिघांची लागली."

भूमिकाने पाण्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. हेमराज दोन कप सांभाळत येत होता आणि दुरून तिच्याकडे पाहून हसत होता. चहा तिने प्यायला. त्यात साखर नव्हती. ती दोन चमचे घालून पिते, हे घरात लहान पोरांनाही ठाऊक होतं.

सीताखाईवर पोचले तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. पायाखाली जमीन एकाएकी संपते आणि समोर दुसरा कडा उभा राहतो, मधे नजर पोचत नाही इतकी खोल दरी. कठड्याशी काही जोडपी उभी होती. एकेकजण आपल्या माणसाचं नाव घेऊन ओरडायचा, समोरच्या कड्यावरून ते नाव दोनदा-तीनदा परत यायचं आणि सगळे हसायचे. ऊन उतरलं तशी ती जोडपी गाड्यांकडे निघाली. शेवटी ही दोघंच उरली.

"आत्ते तू हाक मार," हेमराज म्हणाला.

भूमिकाने त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव तिने अजून एकदाही तोंडाने घेतलं नव्हतं. घरात कोणीच बाई घेत नसे. पण तो लहान मुलासारखा वाट पाहत होता, म्हणून तिने पदर सावरला, कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि ओरडली, "हेमराज."

नाव दरीत गेलं. समोरून एकदा आलं, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक. पुढे नुसता वारा. तिला हसू आलं. ती वळून त्याला काही म्हणणार तोच समोरच्या कड्यावरून पुन्हा हाक आली. आवाज बाईचा होता, पण भूमिकाचा नव्हता. त्यात जरासा लाडिकपणा होता, सवयीचा.

"हेमू."

"ओ," हेमराज म्हणाला आणि पाऊल पुढे टाकलं.

कठड्याच्या त्या टोकाला दगड निखळून वाट पडली होती. तो तिकडेच निघाला होता, हाक मारल्यावर माणूस घरातून अंगणात जातो तितक्या सहज. भूमिकाने दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला. त्याने हिसका दिला नाही. तो थांबला आणि मग तिथेच मातीत खाली बसला.

ती त्याच्या शेजारी बसली. तिने हात सोडला नाही. मग तो बोलायला लागला. ममता गेली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ते दोघं इथे आले होते. तिने इथूनच त्याला हाक मारली होती. ती गेल्यावर एकदा राहवेना म्हणून तो आला, तिचं नाव घेऊन ओरडला, आणि तिने ओ दिली. तेव्हापासून तो येत राहिला. लग्न झालं की हे थांबेल असं त्याला वाटलं होतं. थांबलं नाही. उलट हाक जवळ यायला लागली.

"तुम्ही माले काबर नही सांगं?" भूमिकाने विचारलं.

"तुले घेई उनू ना आज," तो म्हणाला. "माले वाटनं, तुले दखी ती जाई."

आपल्याला पाहून ती जाईल, म्हणजे कुठे जाईल, असं भूमिकाच्या मनात आलं. समोर कड्यावर उजेड विझत चालला होता. चार दिवसांच्या तापात गेलेली ती बाई, तिच्याच वयाची. घर तापीच्या काठाला आणि ही इथे परक्या डोंगरात, दर महिन्याला माणूस येण्याची वाट पाहत. भूमिकाला तिची भीती वाटायला हवी होती. वाटतही होती. पण भीतीच्या आत दुसरं काहीतरी होतं, ज्याला तिला नाव देता आलं नाही.

ती उठली. कठड्याशी जाऊन तिने दरीत हाक मारली, "ममता."

नाव गेलं आणि परत आलंच नाही. एवढ्या मोठ्या कड्याने ते परत दिलं नाही. कुणी पदरात झेलून घ्यावं तसं ते पलीकडे राहून गेलं.

मग ती ओरडली नाही. शेजारणीशी बोलावं इतक्याच आवाजात म्हणाली, "आठे एकली नको ऱ्हाऊ. आमना संगे घर चाल."

हेमराजने दोन्ही हातांत तोंड लपवलं. वारा पडला होता. ते त्या रात्री राहिले नाहीत, अंधारातच घाट उतरून आले. दाराशी गाडी थांबली तेव्हा तापीबाई भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ते दोघांवरून ओवाळलं, क्षणभर घुटमळल्या, आणि मग मागच्या रिकाम्या जागेवरूनही ओवाळून टाकलं. कोणी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर हेमराज तोरणमाळला गेला नाही. त्याचा घास हातात अडकेनासा झाला. तो पुतण्यांशी खेळायला लागला, रात्री गाढ झोपायला लागला. तो आणून देई त्या भूमिकाच्या चहात आता साखर पडायला लागली; बिनसाखरेचा ममता प्यायची. जाऊ म्हणाली, तुम्ही फिरून आलात ते फार बरं झालं.

हाक भूमिकाला यायला लागली. दुपारी, सगळे शेतात असताना, केळीच्या बागेकडून. आधी दुरून, मग परसातून. आवाज तोच, फक्त नाव आता तिचं होतं. पहिल्या दिवशी तिने कानात बोटं घातली. मग एकदा चुकून तोंडातून "ओ" निघून गेली, आणि काहीच झालं नाही. केळीची पानं हलली तेवढीच. पुढे तिला त्या वेळेची सवय झाली. दळण निवडताना ती परसाच्या दाराशी बसू लागली. कधी एखादी गोष्ट बोलूनही दाखवी, आज सासूबाईंचे गुडघे दुखताहेत, धाकट्या पुतण्याचा दात पडला.

हेमराजने ते एकदा ऐकलं. तो परसात उभा राहिला, कान देऊन, बराच वेळ. त्याला काही ऐकू आलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर सुटकाही होती आणि आपल्याला विसरलं गेल्याची खंतही.

"ती मन्हं काही इचारस का?" त्याने विचारलं.

तो आवाज तिच्या नावाखेरीज आजवर एक शब्द बोलला नव्हता. भूमिकाने सुपातले खडे बाजूला केले.

"इचारस ना," ती म्हणाली. "तुम्ही जेवनात का, रोज इचारस."

तो मान हलवून शेताकडे गेला. पलीकडे बागेतून कोणीतरी हाक मारली, आणि भूमिकाने सूप खाली ठेवलं.