चष्मेवाल्याचं चौथं उत्तर

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमच्यासमोर टेबलावर एक चष्मा ठेवलाय. त्याचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणजे तो जणू तुमच्याकडे टक लावून बघतोय. आता बोट ठेवून दाखवा, उजव्या डोळ्याची काच कोणती? घाई नको. तुमच्या उजव्या हाताला आहे ती? चुकलात. ती डाव्या डोळ्याची. चष्मा उचला, फिरवा, नाकावर ठेवा, म्हणजे पटेल. यात लाजण्यासारखं काही नाही, भल्याभल्यांची इथे गल्लत होते.

म्हणूनच एका चष्म्याच्या दुकानात एक रीत होती. ते दुकान दोघं भावंडं चालवायची. काचांवर मार्करने उजवी-डावीची खूण बहीण करायची आणि त्या फ्रेममध्ये भाऊ बसवायचा. ज्याने खूण केली त्याने काच बसवायची नाही, हा नियम. वीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

भावाची मुलगी दहा वर्षांची. तिला सगळे बारकी म्हणत. शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि आत्याजवळ बसायची. आत्याने तिला खोक्यावर उभं करून काचेचा नंबर मोजायचं यंत्र शिकवलं होतं. यंत्रात डोळा लावायचा आणि आतल्या हिरव्या रेघा लख्ख दिसेपर्यंत चाक फिरवायचं. थांबलं की चाकावरचा आकडा वाचायचा. बारकीला तो खेळच वाटायचा.

मग रस्त्यापलीकडे एक मोठं दुकान उघडलं आणि त्यांनी आत्याला बोलावणं धाडलं. ती विचारायला आली, तर बाबांचा पारा चढला. "जा की. तुझ्यावाचून माझं घोडं अडलेलं नाही," असं ते म्हणाले. आत्याने पदराला हात पुसले आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून खूणही बाबाच करू लागले आणि काचाही तेच बसवू लागले.

दोन महिन्यांनी एका बाईंनी फोनवर दुकानाच्या नावाखाली लिहिलं. पाचपैकी एकच तारा. या बाई कपड्यांवर भरतकाम करून द्यायच्या. त्यांनी लिहिलं होतं, "नवा चष्मा घातल्यापासून डोकं दुखतं, पायरी कुठे संपते ते कळत नाही. दुकानात दाखवायला गेले तर मालक म्हणाले, सवय होईल. तिसऱ्या दिवशी जिन्यावरून पडले. उजवं मनगट मोडलं आहे. मी सुईवर जगते."

त्याच संध्याकाळी बाईंची सून आली, चष्म्याची डबी काउंटरवर ठेवून निघून गेली. बाबांनी डबी खालच्या खणात टाकली आणि खण पायाने लोटला.

नंबर मोजायचं यंत्र त्या खणापासून हातभर लांब होतं. चष्मा त्याखाली धरायला एक मिनिट लागलं असतं. बाबांनी नऊ दिवसांत ते एक मिनिट काढलं नाही. त्याऐवजी ते उत्तरं लिहीत बसले.

पहिलं उत्तर बरं होतं. झाल्या गोष्टीचं वाईट वाटतं, आमचं दुकान जुनं आहे, वगैरे. दुसऱ्यात त्यांनी लिहिलं की आजवर कुणाचीच तक्रार आली नाही, मग तुमचीच कशी? तिसऱ्यात बाईंचं वय काढलं. त्याखाली कुणीतरी लिहून गेलं, "चष्मेवाल्यालाच चष्मा लागलाय," आणि त्याला शंभरावर लोक हसले.

गिऱ्हाईक तुटू लागलं. एक आजोबा दांडी घट्ट करून घ्यायला यायचे, ते दारातून आत डोकावून पलीकडे गेले. बाबा दिवसभर तेच ते आरसे पुसत. मग त्यांनी नातेवाइकांच्या विनवण्या केल्या, पाच-पाच तारे द्या म्हणाले. मामांना अशा कामात डोकं घालायची सवय नव्हती. हॉटेलबद्दल लिहितात तेच त्यांनी इथेही डकवलं: "उत्कृष्ट चव, गरमागरम, पुन्हा पुन्हा यावंसं वाटतं." लोकांना तर आयतंच कोलीत मिळालं. चष्मा तिखट असतो की गोड, असं विचारायला दोन मुलं दुकानात येऊन गेली. बाबांनी त्यांनाही खुर्ची दिली. त्यांना वाटलं, गिऱ्हाईकच आहे.

दहाव्या दिवशी दुपारी बारकी शाळेतून आली, तेव्हा बाबा काउंटरमागे जमिनीवर बसले होते. सकाळपासून दाराला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी फोन तिच्या हातात दिला. माझ्याच्याने आता होत नाही, तू लिही, म्हणाले. मग भिंतीकडे बघत त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाईंनी चष्मा पाडून वाकवला आहे. आम्ही तो तपासून पाहिला, काचा बरोबर आहेत. खोटी बदनामी थांबवली नाही तर आम्ही पोलिसांत जाऊ.

बारकीने सगळं लिहिलं. पण "तपासून पाहिला" या शब्दांशी तिचं बोट अडलं.

"बाबा, कधी तपासला?"

बाबांनी फोनकडे बोट केलं. पाठव, एवढंच म्हणाले.

बारकी उठली. तिने खण उघडला, डबी काढली, खोकं ओढून त्यावर उभी राहिली. चष्मा यंत्रात धरला आणि डोळा लावला. हिरव्या रेघा आधी पसरट होत्या, मग हळूहळू बारीक झाल्या. एका काचेचा आकडा तिने तळहातावर लिहिला, मग दुसरीचा. मग तिने डॉक्टरांची चिठ्ठी चिकटवलेली वही काढली. चिठ्ठीत उजव्या डोळ्याला पाऊण होता आणि डाव्याला साडेतीन. तळहातावर नेमकं उलट होतं. तिने पुन्हा मोजलं. मग चष्मा फिरवून तिसऱ्यांदा मोजलं, आपल्यालाच उजवं-डावं कळत नसेल असं वाटून.

"बाबा, उलट्या बसल्यात."

त्यांनी मान वर केली नाही. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "बाई दारातून बाहेर पडल्या आणि पायरीवर अडखळल्या ना, तेव्हाच मला कळलं होतं. हाक मारायला तोंड उघडलं होतं मी."

"मग?"

"मग तुझ्या आत्याचं दुकान समोर दिसलं."

बारकी खोक्यावरून उतरून त्यांच्यापाशी बसली. बाबांनी तिचे दोन्ही हात धरले. मोठं माणूस लहानाचे हात असे धरतं, तेव्हा लहानाला फार भीती वाटते. बारकीलाही वाटली. ते म्हणत होते की आता खरं सांगितलं तर आत्तापर्यंतची तिन्ही उत्तरं खोटी ठरतील. त्या शंभर लोकांचे हजार होतील. मला दुसरं काही येत नाही गं, या वयात मला कोण ठेवून घेईल? मी सांगितलं तेवढं पाठव, आठ दिवसांत लोक विसरतील.

"त्या बाई आत्ता कुठला चष्मा घालून बसल्या असतील?" बारकीने विचारलं.

बाबांनी तिचे हात सोडले. त्यांनी तोंड गुडघ्यांत घातलं आणि त्यांची पाठ हलू लागली. बारकीने बाबांना असं कधीच पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, धावत पलीकडे जावं आणि आत्याला घेऊन यावं. पण पलीकडे दुपारची गर्दी होती. दारातल्या माणसांमधून आत्याचं नुसतं डोकं दिसत होतं, कुणाच्या तरी फ्रेमवर वाकलेलं.

तिने फोन उचलला. बाबांनी सांगितलेलं एकेक वाक्य मागून पुढे पुसत आणलं. पोलीस गेले, बदनामी गेली, वाकलेला चष्मा गेला. रिकाम्या जागेत ती नवं लिहू लागली. तिला मोठ्यांसारखं लिहिता येत नव्हतं, म्हणून जे झालं तेच तिने लिहिलं. "बाई, तुमचा चष्मा आज मोजला. उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे बसली होती. चूक आमच्या दुकानाची आहे. आधी लिहिलेलं खरं नव्हतं. तुम्ही पडलात ते आमच्यामुळे."

"बारके," बाबा तोंड वर न करता म्हणाले, "ते गेलं की दुकान गेलं."

बारकीने लिहिलेलं हळू आवाजात एकदा वाचलं, बाबांना ऐकू जाईल असं. त्यांनी फोन काढून घ्यायला हात पुढे केला नाही. पंखा फिरत होता.  मग शेवटी दुकानाच्या नावाखाली तिने आपलं शाळेतलं पूर्ण नाव लिहिलं आणि बटण दाबलं.