फेट्यांच्या बिलावर पशुखाद्य

मुंबईच्या कंपनीची तिसरी ईमेल आली तेव्हा राजशेखर पेंडीच्या पोत्यावर बसून अमेरिकेला फेटे विकत होता. त्याचं हे बसणं रोजचंच. लक्ष्मीपुरीतलं 'रुद्रय्या पशुखाद्य भांडार' वडिलांचं, दुकानाच्या मागच्या अंगाचा कॉम्प्युटर त्याचा, आणि दोघांच्या मधे सरकी पेंडीची थप्पी.

२००५ च्या दिवाळीत त्यानं वेबसाइट काढली. लग्नासाठी तयार बांधलेले कोल्हापुरी फेटे, जगात कुठंही घरपोच. कापड इचलकरंजीचं, बांधणी पवित्राची, म्हणजे बायकोची. परदेशातली मराठी पोरं कार्डावर पैसे भरायची, मुंबईची कंपनी ते खात्यावर वळते करायची आणि फेटा खोक्यात बसून विमानानं जायचा.

कार्डाचे पैसे घ्यायला फर्मच्या नावाचं खातं लागतं. राजशेखर नवं काढणार होता. वडील रुद्रय्या म्हणाले, "नवं कशाला? चाळीस वर्साचं नाव हाय आपलं. बँकेत गेलो की म्यानेजर उठून उभा ऱ्हातोय." मग तेच खातं दिलं. त्यामुळं अमेरिकेत कुणी फेटा घेतला की महिनाअखेरीला त्याच्या कार्डाच्या बिलावर छापून यायचं: रुद्रय्या कॅटल फीड, कोल्हापूर.

बिल बघून माणूस चक्रावतो आणि बँकेला कळवतो, हा खर्च माझा नव्हे. बँक त्याचे पैसे त्याला देते, ते राजशेखरकडनं ओढून घेते आणि वर दंड लावते. ह्याला चार्जबॅक म्हणतात. पैसे परत जातात, फेटा परत येत नाही. पहिल्या खेपेला टेक्सासच्या एका डॉक्टरनं आपण गुरं पाळत नसल्याचं कळवलं. दुसऱ्या खेपेला एका बाईनं कळवलं की तिच्याकडं एकच मांजर आहे आणि ते डब्यातलं खातं.

आता तिसरी तक्रार होती, एकदम अकरा फेट्यांची. ईमेलच्या तळाला लिहिलं होतं की वर्षात तीन तक्रारी खऱ्या ठरल्या तर कार्डाची सोय कायमची बंद. पुराव्याला वीस दिवस.

"सोय बंद म्हणजे?" पवित्रानं विचारलं.

"दुकान बंद."

"दुकान उघडंच आहे की."

"हे नव्हं, ते." त्यानं कॉम्प्युटरकडं बोट केलं. पवित्रानं बघितलं. तोही चालूच होता.

फेटे मागवले होते मूळच्या राजारामपुरीतल्या दत्तप्रसादनं, न्यू जर्सीतल्या स्वतःच्या लग्नासाठी. कार्ड मात्र सासऱ्याचं, आणि सासरा अमेरिकन, नाव हॅरोल्ड. नव्या सासऱ्याशी पैशाचं बोलायला दत्तप्रसाद धजेना, म्हणून राजशेखरनं त्याच्याकडून लग्नाचा फोटो मागवला. फोटोत अकरा फेटे होते, मधोमध हॅरोल्ड, आणि त्याचा फेटा डाव्या कानावर उतरलेला. राजशेखरनं फोटोला कुरियरची पावती जोडून पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आलं: 'फोटो पाहिला. फोटोत पशुखाद्य दिसत नाही.'

त्यानं हे तीनदा वाचलं आणि मुंबईला फोन लावला. पलीकडची मुलगी फार नम्र होती.

"सर, तुमची फर्म पशुखाद्याची आहे ना?"

"हो."

"मग फेटे कुठून आले?"

"मीच पाठवले."

"म्हणजे चुकीचा माल पाठवला, असं लिहून घेऊ?"

"नको, नको."

"मग काय लिहू, सर?"

राजशेखरनं खूप विचार केला. शेवटी मुलीनंच पुन्हा फोन करा म्हणून सांगितलं.

त्यानं वडिलांपुढं विषय काढला. "अप्पा, खात्याचं नाव बदलू या."

"बदलून काय लिवू, फेटा भांडार? म्हशीवाल्यानं काय समजायचं?"

राजशेखर परत पोत्यावर जाऊन बसला.

अठराव्या दिवशी राजशेखर कापड आणायला इचलकरंजीला गेला. संध्याकाळी परतला तर हमाल आकाराम दारातच उभा. "मालकास्नी अमेरिकेचा फोन आलता."

कार्डाच्या बिलावर नावाशेजारी दुकानाचा नंबर छापलेला असतो, तो हॅरोल्डनं फिरवला होता. राजशेखर पळतच आत गेला.

"काय म्हणाला, अप्पा?"

"चांगला माणूस हाय. जनावरांची चौकशी केली."

"मराठीतनं?"

"न्हाय."

"तुम्हाला इंग्रजी कुठं येतंय?"

"न्हाय की."

"मग कळलं कसं?"

"त्यो काऊ म्हनला, मी म्हनलं, बफेलो बी. मग त्यो हसला. मग मी पेंडीचं सगळं सांगितलं, कशी भिजवायची, किती घालायची. ऐकून घेतलं बिचाऱ्यानं."

"किती वेळ?"

"ईस मिंटं," आकाराम म्हणाला. "मालक सा येळा येस म्हनले. शेवटाला त्यो रडल्यावानी वाटला."

"रडला न्हाय," रुद्रय्या म्हणाले. "सर्दी हुती."

त्या रात्री राजशेखरला झोप लागली नाही. फेट्यांचं नाव तरी निघालं होतं का, हे त्यानं सकाळी विचारून बघितलं. रुद्रय्यांनी आठवून सांगितलं, न्हाय.

विसाव्या दिवशी मुंबईहून ईमेल आली. 'कार्डधारकाने तक्रार मागे घेतली आहे. पशुखाद्य मिळाले व ते उत्तम होते, असे त्यांनी कळवले आहे.' दुकान वाचलं होतं. पवित्रानं देवापुढं साखर ठेवली. तक्रार मागं का घेतली, हे हॅरोल्डला विचारायला राजशेखरनं दत्तप्रसादला फोन केला. दत्तप्रसाद म्हणाला, "सासरे काही बोलत नाहीत. नुसतं म्हणतात, त्या गृहस्थांना नमस्कार सांग."

ईमेलला दुसरा परिच्छेदही होता. 'तथापि आपल्या वेबसाइटवर पशुखाद्य आढळत नाही. सात दिवसांत दुरुस्ती न केल्यास कार्डाची सोय बंद करण्यात येईल.'

सहाव्या दिवशी आकारामनं पोतं उभं धरलं आणि राजशेखरनं फोटो काढला. वेबसाइटवर जरीच्या फेट्याशेजारी सरकी पेंड लागली, पन्नास किलो, अमेरिकेत घरपोच, एक लाख रुपये. रुद्रय्यांनी चष्मा लावून पडदा निरखला.

"लई महाग लावलीस."

"कुणी घेऊ नये म्हणून लावलीय, अप्पा."

"मग ठिवलीस कशाला?"

"फेटे विकायला."

रुद्रय्यांनी चष्मा काढला आणि आकारामला हाक मारली. "ह्याला जरा भाईर वाऱ्याला बसीव."

राजशेखरला ते पटलं. तो उठून आकारामच्या मागनं बाहेर जाऊन बसला.